न दिसणाऱ्याचा अजमास : जुन्या घराची बोली आणि दुरुस्तीचा हिशेब

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बँकांच्या लिलावाच्या जाहिराती येतात. बारीक टाइप, कर्जदाराचे नाव, चतुःसीमा, क्षेत्रफळ, राखीव किंमत, इसारा अनामत रक्कम, आणि तळाशी एक ठरावीक वाक्य : मिळकत 'जशी आहे, जेथे आहे' या तत्त्वावर विकली जाईल. बहुतेक वाचक ते पान उलटतात. जुन्या घरांच्या मोजमापाशी आणि मूल्यांकनाशी संबंध आल्यापासून मी मात्र ते पान आधी वाचतो, आणि त्यातही तळाचे वाक्य. राखीव किंमत कितीही ठळक छापलेली असली तरी जुन्या घराची खरी किंमत त्या वाक्यात दडलेली असते. घर 'जसे आहे' म्हणजे नेमके कसे आहे, हे शोधण्याची आणि शोध अपुरा पडला तर भोगण्याची जबाबदारी त्या एका वाक्याने विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकलेली असते.

बोली लावण्यापूर्वी जुन्या घराच्या दुरुस्तीचा खर्च कसा काढायचा, हा प्रश्न वरवर पाहता गवंडी, सुतार आणि ठेकेदार यांचा आहे. या लेखात मी त्याच्याकडे इतिहासाचा प्रश्न म्हणून पाहणार आहे. दोन हजार वर्षांत माणसांनी हा अंदाज कसा बांधला, त्यासाठी कोणते नियम केले आणि त्या नियमांनी जोखीम कोणाच्या माथी मारली, हे पाहिले की आजच्या बोलीदाराच्या उपयोगाचेही काही हाती लागते. माझे म्हणणे थोडक्यात असे : दिसणाऱ्या कामाचा अंदाज सहसा फारसा चुकत नाही. चुकतो तो न दिसणाऱ्या कामाचा. आणि त्या न दिसणाऱ्याचा भार कोणी उचलायचा, हाच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

शब्दांची साक्ष

आधी शब्द पाहू. 'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेतला मूळ शब्द 'लेइलांव'. 'अजमास' हा फारसीतून आला. जुन्या दफ्तरांत जमाखर्चाच्या अंदाजाला तो वापरलेला दिसतो आणि 'अजमासे' या रूपात तो आजही आपल्या तोंडी आहे. तिसरा शब्द 'खण'. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. जुन्या कागदांत घराचे वर्णन चौरस फुटांत येत नाही. इतके खण, इतके मजले, पुढे अंगण, मागे परसू, असे येते. खण मोजणे म्हणजे खांब मोजणे, आणि खांब मोजणे म्हणजे घर कशावर उभे आहे ते पाहणे. चौरस फुटाने जागा कळते. खणाने सांगाडा कळतो. दुरुस्तीचा हिशेब करणाऱ्याला दुसरे माप अधिक उपयोगी, हे पुढे दिसेलच.

रोम : आग, भिंत आणि मौन

दुरुस्तीचा खर्च अचूक कळतो म्हणून जुनी घरे घेऊन श्रीमंत झालेला, इतिहासाला ठाऊक असलेला मोठा माणूस म्हणजे रोमचा मार्कस क्रासस. सीझर आणि पाँपे यांचा हा समकालीन. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की रोममध्ये आगी लागणे आणि इमारती कोसळणे ही रोजची गोष्ट होती, हे पाहून क्राससने वास्तुकार आणि बांधकामाची कारागिरी जाणणारे गुलाम विकत घ्यायला सुरुवात केली. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेल्यावर तो जळती घरे आणि त्यांच्या लगतची घरे विकत घेऊ लागला. भीतीपोटी आणि अनिश्चिततेपोटी मालक ती नाममात्र किमतीला देऊन टाकत. अशा रीतीने रोमचा मोठा भाग त्याच्या मालकीचा झाला.

क्राससने स्वतःचे अग्निशामक दल ठेवले होते आणि सौदा झाल्याशिवाय ते आग विझवत नसे, ही गोष्ट फार सांगितली जाते. प्लुटार्कच्या मजकुरात ती नाही. त्यात आहे ते अधिक महत्त्वाचे आहे. मालकाला आपल्या घराचे काय उरेल हे कळत नव्हते. क्राससकडे पाचशे कारागीर असल्यामुळे काय उरेल आणि ते उभे करायला काय लागेल, हे त्याला कळत होते. दोघांच्या माहितीतल्या या अंतराची किंमत म्हणजे त्याचा नफा. जुन्या घराच्या बाजारात आजही याहून वेगळे काही घडत नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी विट्रुव्हियस या वास्तुकाराने वास्तुविद्येवर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात सामाईक भिंतीचे मूल्य ठरवण्याची त्या काळची रीत दिली आहे. ओबडधोबड दगड आणि चुना यांच्या भिंतीचे आयुष्य ८० वर्षे धरत. ती बांधायला जो खर्च आला असेल त्यातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक वर्षासाठी ऐंशीवा हिस्सा वजा करत आणि उरलेली रक्कम हे तिचे मूल्य मानत. विटेच्या भिंतीला मात्र वेगळा न्याय होता : ती ओळंब्यात उभी असेल तर काहीच वजा करायचे नाही, बांधताना जे लागले तेच तिचे मूल्य.

आपल्याकडच्या मूल्यांकनातला घसारा विट्रुव्हियसच्या पहिल्या नियमासारखाच चालतो. इमारतीचे वय पाहायचे, टक्के वजा करायचे. मुद्रांक शुल्कासाठीच्या वार्षिक दर तक्त्यातही वयानुसार घसारा आहे. दुसरा नियम आपण विसरलो. वय विचारण्याआधी भिंत सरळ आहे का ते पाहा, असे तो सांगतो. शंभर वर्षांची ओळंब्यातली भिंत तीस वर्षांच्या कललेल्या भिंतीपेक्षा मोलाची असू शकते. कागदावरचा घसारा आणि प्रत्यक्ष झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली टेबलावर बसून काढता येते, दुसरीसाठी ओळंबा घेऊन घरात जावे लागते.

याच ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या प्रस्तावनेत विट्रुव्हियस एफेसस या ग्रीक नगराचा एक जुना कायदा सांगतो. सार्वजनिक काम घेणाऱ्या वास्तुकाराने खर्चाचा अंदाज आधी द्यायचा आणि काम पुरे होईपर्यंत त्याची मालमत्ता तारण राहायची. खर्च अंदाजात बसला तर त्याचा गौरव होई. अंदाजाच्या वर चौथ्या हिश्श्यापर्यंत गेला तर वाढीव रक्कम सरकार भरे. त्याहून जास्त गेला तर ती त्याच्या मालमत्तेतून वसूल होई. असा कायदा रोममध्येही असता तर बरे झाले असते, असे विट्रुव्हियसला वाटते. मला यातला चौथा हिस्सा लक्षणीय वाटतो. अंदाज थोडा चुकणारच, हे त्या कायद्याने गृहीत धरले होते आणि चुकण्याची वाजवी मर्यादाही ठरवली होती. मर्यादेतली चूक समाजाची, मर्यादेबाहेरची अंदाज करणाऱ्याची.

अंदाज करणाऱ्याची जबाबदारी अशी ठरली, तरी घरातले दोष ठाऊक असणाऱ्या विकणाऱ्याचे काय? सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे. एक माणूस घर विकतो आहे. घर आरोग्याला वाईट आहे, खोल्यांमधून साप निघतात, लाकूड खराब झाले आहे. पण हे मालकाखेरीज कोणालाच ठाऊक नाही. त्याने ते सांगावे का? सिसेरो दोन तत्त्ववेत्त्यांचे वाद मांडतो आणि सांगावे या बाजूने कौल देतो. पुढे तो प्रत्यक्ष घडलेला खटलाही देतो. सेंतुमालस नावाच्या माणसाच्या सीलियन टेकडीवरच्या घराचा उंच भाग धार्मिक विधीच्या दृष्टिपथात येतो म्हणून पाडण्याचा हुकूम झाला होता. त्याने तो न सांगता घर विकले. घेणाऱ्याला नंतर तो भाग पाडावा लागला. न्यायनिवाडा करणाऱ्या केटोने, म्हणजे प्रसिद्ध धाकट्या केटोच्या वडिलांनी, ठरवले की दोष ठाऊक असून सांगितला नाही, म्हणून नुकसान विकणाऱ्याने भरून द्यावे.

कौटिल्य : चाळीस कुटुंबांसमोरची बोली

रोममध्ये वाद विकणाऱ्याच्या मौनाचा होता. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरविक्रीची जी पद्धत सांगितली आहे, तिच्यात मौनाला जागाच कमी ठेवली आहे. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत प्रकाशित केली. ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविक्रयाचा भाग आहे.

त्यात घेण्याचा पहिला हक्क नातलगांचा, मग शेजाऱ्यांचा, मग धनकोंचा, आणि ते नसतील तर बाहेरच्यांचा. विक्रीची घोषणा घरासमोर, आसपासच्या चाळीस कुटुंबांच्या उपस्थितीत करायची. मर्यादा आणि किंमत तीनदा पुकारायची. कोणी हरकत घेतली नाही तर घेणाऱ्याला घर मिळे. चढाओढीने किंमत वाढली तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोशात जाई. मालक नसताना बोली पुकारणाऱ्याला २४ पणांचा दंड होता.

या कलमांकडे अभ्यासक सहसा शेजाऱ्याच्या अग्रहक्काच्या अंगाने पाहतात. दुरुस्तीच्या हिशेबाच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांना पहिला हक्क दिला आहे, तेच त्या घराला सर्वांत जास्त ओळखतात. भिंत कोणत्या पावसाळ्यात खचली, विहिरीचे पाणी कुठून झिरपते, छपरावर शेवटचा हात कधी फिरला, हे नातलगाला आणि शेजाऱ्याला ठाऊक असते. परका शेवटी येतो, आणि येतो तेव्हाही चाळीस कुटुंबे समोर उभी असतात. त्यांना विचारता येते. शिवाय चढाओढीची वाढ विकणाऱ्याच्या पदरात पडत नसल्यामुळे अज्ञानी परक्याला चढवण्यात त्याला फायदा नव्हता. हे सारे कौटिल्याने याच हेतूने केले, असा दावा मी करत नाही. राजाचे उत्पन्न आणि तंटे टाळणे ही त्याची मुख्य काळजी दिसते. पण परिणाम असा होता, की लपलेल्या दोषाला बोलीत लपून राहणे कठीण जावे. आजच्या ऑनलाइन लिलावात बोलीदार एकमेकांना दिसतही नाहीत, आणि चाळीस कुटुंबे तर नाहीतच.

दरसूची आणि कायदा

इंग्रजी अमदानीत अंदाजाला नवे रूप आले. डलहौसीच्या काळात, १८५४-५५च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. त्याआधीच, १८४७मध्ये, रुडकीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले होते. या खात्याने आपल्याला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे कामाचे तुकडे करणे. खोदाई इतकी, बांधकाम इतके, गिलावा इतका, लाकूडकाम इतके; प्रत्येकाचे माप मापपुस्तिकेत आणि प्रत्येकाचा दर दरसूचीत. मापाला दराने गुणायचे, बेरीज करायची, वर आकस्मिक खर्चासाठी थोडे टक्के धरायचे, की अंदाजपत्रक तयार. आजचे आपले ठेकेदारही मुळात हेच करतात.

नव्या कामाला ही रीत उत्तम आहे, कारण नव्या कामात सर्व काही आधी नकाशावर असते. जुन्या घराला ती तोकडी पडते. दरसूचीत नव्या तुळईचा दर असतो. वरचा मजला टेकूंवर तोलून, कुजलेली तुळई बाहेर काढून, तिच्या जागी नवी सरकवण्याचा दर त्यातून नीट निघत नाही. मोकळ्या प्लॉटवर ट्रक उभा राहतो. पेठेतल्या बोळात राडारोडा बिगाऱ्यांना डोक्यावरून वाहावा लागतो. आणि आकस्मिक खर्चाचे चार-पाच टक्के नव्या इमारतीला पुरतात; जुन्या घराची एक तक्तपोशी उघडली की ते संपतात. एफेससच्या कायद्यातला चौथा हिस्सा जुन्या घराच्या स्वभावाला अधिक जवळचा होता.

कायद्याच्या बाजूने १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आला. त्याच्या ५५व्या कलमात सिसेरोच्या प्रश्नाचे उत्तर आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. दिसणारा दोष घेणाऱ्याचा, लपलेला दोष विकणाऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. पण त्याच कलमाच्या आरंभी म्हटले आहे, की उलट करार नसेल तर. 'जशी आहे, जेथे आहे' ही अट म्हणजे तो उलट करार. शिवाय बँक त्या घरात कधी राहिलेली नसते. ज्या कुटुंबाला सर्व ठाऊक आहे, ते कर्जात बुडून, दुखावून बाजूला झालेले असते. जाणणारा बोलत नाही आणि बोलणारा जाणत नाही.

२००२च्या कर्जवसुली कायद्याखालच्या लिलावात अडचण आणखी वाढते. जाहिरातीत ताब्याचा प्रकार लिहिलेला असतो : प्रत्यक्ष किंवा सांकेतिक. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आहे, आत माणसे राहतात. अशा घराची तपासणी बहुधा रस्त्यावरूनच होते. आणि बोली लागली की चौथा हिस्सा रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची, उरलेली साधारणपणे १५ दिवसांत. नाहीतर भरलेली जप्त. विचार करायचा तो बोलीआधीच.

न दिसणारे साठते कसे

जुन्या घरातले लपलेले नुकसान एका दिवसात होत नाही. महाराष्ट्रात ते साठण्याचे एक मोठे कारण कायद्यातच होते. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला घर जाणार नाही याची शाश्वती मिळाली, आणि त्या काळात ती गरजेची होती. पण दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, हा प्रश्न राहिला. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, अशी सोय होती; मात्र वर्षाला कापायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. महिना २० रुपये भाडे असेल तर वर्षाचे २४०, आणि चौथा हिस्सा ६० रुपये. साठ रुपयांत कौले चाळून होतील. तुळई बदलणार नाही. मालकाला परवडेना, भाडेकरूला वसूल होईना. म्हणून घराला रंग लागत राहिला आणि लाकूड कुजत राहिले.

मुंबईत इमारती कोसळू लागल्या तेव्हा शासनाने १९६९मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. उपकर घेऊन दुरुस्ती मंडळाने करायची, अशी ती व्यवस्था. त्या वेळी उपकरप्राप्त ठरलेल्या इमारती १९,६४२. त्यांतल्या १६,५०२ या १ सप्टेंबर १९४०पूर्वी बांधलेल्या. न दिसणाऱ्या दोषाचा भार प्रथमच समाजाने, निदान काही अंशी, आपल्या अंगावर घेतला. पण ही सोय मुंबई शहरापुरती होती. पुणे, सातारा, नाशिक, वाई इथल्या वाड्यांना ती नव्हती.

पुण्यात आणखी एक तारीख लक्षात ठेवावी लागते : १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतली घरे पाण्याखाली गेली. पांढऱ्या मातीच्या आणि मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या. जी घरे उरली, त्यांतल्या काहींच्या भिंतींना नंतर सिमेंटचा गिलावा चढला. तो दिसायला मजबूत असतो, पण मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीला श्वास घेऊ देत नाही. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही. ती भिंतीत गाडलेल्या खांबाकडे वळते. म्हणून पेठेतल्या वाड्यात गुळगुळीत, नुकताच रंगवलेला गिलावा पाहिला की मी अंदाजाचा आकडा वाढवतो.

घर वाचण्याचा क्रम

वाड्याचा सांगाडा लाकडाचा असतो. दगडी जोते, त्यावर उथळे, उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि पाट, त्यावर मातीचा थर. वर वासे, रिपा, कौले. अंगणाकडचे खांब उघडे असतात, त्यांना वारा लागतो, ते शतकभर टिकतात. भिंतीतले खांब आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके आधी जातात, कारण तिथे ओल आहे, वाळवी आहे आणि डोळा पोहोचत नाही.

म्हणून मी खर्च लिहिण्याचा क्रम उलटा ठेवतो. रंग, फरशी, खिडक्या, वीज शेवटी. पहिल्यांदा पाणी : पन्हळ, दोन छपरांचा सांधा, आणि विशेषतः वरच्या मजल्यावर नंतर केलेल्या मोऱ्या. एकत्र कुटुंबे फुटली, बिऱ्हाडे वाढली, तशा लाकडी मजल्यांवर मोऱ्या आणि संडास आले; त्यांच्याखालची तुळई बहुधा गेलेली असते. दुसरे, वजन : कडीपाटावर कोणी शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा घातला आहे का. तिसरे, ओळंबा : भिंत आणि खांब किती कलले आहेत. चौथे, सुतार बरोबर घेऊन खांबाचे बूड आणि तुळईचे टोक ठोकून पाहणे. भरीव लाकूड वेगळे बोलते आणि पोखरलेले वेगळे. जिथे ठोकता येत नाही, तिथे सर्वांत वाईट धरायचे. आणि जमले तर घर पावसाळ्यात पाहायचे.

यानंतर बिगर-बांधकामाचे खर्च : मुद्रांक शुल्क, थकलेली घरपट्टी आणि वीजबिले, बांधकामावरचा वस्तू व सेवा कर, पालिकेची परवानगी, सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याशी समझोता, आत भाडेकरू असतील तर त्यांचा प्रश्न, आणि काम चालू असेपर्यंतचे व्याज व स्वतःच्या राहण्याचे भाडे. हे सारे घराच्या भिंतीत दिसत नाही, पण खिशातून जाते.

जिंकणाऱ्याची फसगत

एवढे करूनही एक सापळा उरतो, आणि तो खास लिलावाचा आहे. १९७१मध्ये केपन, क्लॅप आणि कँपबेल या तीन अमेरिकन तेल-अभियंत्यांनी एक निबंध लिहिला. समुद्रातल्या तेलक्षेत्रांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेइतका नफा का होत नाही, हा त्यांचा प्रश्न. उत्तर साधे होते : लिलाव तोच जिंकतो ज्याचा अंदाज सर्वांत आशावादी असतो. अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात.

हे घराला लावून पाहू. समजा, दुरुस्त झाल्यावर घर ९० लाखांचे होईल आणि खरी दुरुस्ती ३० लाखांची आहे. म्हणजे आजची वाजवी किंमत ६० लाख. पाच प्रामाणिक बोलीदार दुरुस्तीचा अंदाज २०, २५, ३०, ३५ आणि ४० लाख करतात. सरासरी अगदी बरोबर, ३० लाख. पण सरासरीला घर मिळत नाही. २५ लाखांचा अंदाज असलेला ६५ लाखांवर थांबतो. २० लाखांचा अंदाज असलेला त्याच्या किंचित वर जाऊन घर घेतो आणि पाच लाखांच्या खड्ड्यात उतरतो. ज्याने सर्वांत कमी दोष पाहिले तो जिंकला. बोलीदार जितके जास्त, तितका हा धोका मोठा. म्हणून गर्दी वाढली की आपली कमाल बोली खाली आणावी, असे हे गणित सांगते. लिलावाच्या दिवशी माणसे नेमके उलटे करतात : गर्दी पाहून घर चांगले असणार असे समजतात आणि वर चढतात.

असा एक हिशेब मी काही वर्षांपूर्वी निवृत्तीला टेकलेल्या एका शिक्षक दांपत्यासाठी केला होता. वाडा लहान, सहा खणांचा, दुमजली. भविष्य निर्वाह निधीतले पैसे त्यात घालायचा त्यांचा विचार. दुरुस्तीनंतरची किंमत ९० लाख. दिसणारे काम २२ लाख. न दिसणाऱ्यासाठी, भिंतीतले खांब तपासता न आल्यामुळे, ७ लाख. शुल्क, कर, थकबाकी मिळून ८ लाख. दीड वर्षाचे व्याज आणि भाडे ७ लाख. उरले ४६ लाख. राखीव किंमतच ५२ लाख. बाईंनी विचारले, "म्हणजे आमच्यासारख्यांना जुनं घर घेताच येणार नाही का?" मी सांगितले, "येईल, पण या किमतीला हे नाही." त्यांनी बोली लावली नाही. घर दुसऱ्या कोणी घेतले. त्या घेणाऱ्याला सुतारकामाची स्वतःची माणसे असतील, तर तो हिशेब त्याच्यासाठी खराही ठरला असेल. क्राससचे गणित तेच होते.

शेवटी

युरोपात अलीकडे या प्रश्नाचे एक टोक पाहायला मिळाले. सिसिलीतल्या सांबुका या ओस पडत चाललेल्या गावाने २०१९मध्ये जुनी घरे एका युरोपासून पुढे विकायला काढली. अट अशी, की तीन वर्षांत दुरुस्ती करायची, तीवर निदान १५,००० युरो खर्च करायचे आणि हमी म्हणून ५,००० युरो ठेवायचे. गावाने जे उघड केले, ते प्रत्येक जुन्या घराबद्दल खरे आहे : घराची किंमत आणि दुरुस्तीची किंमत या दोन वेगळ्या रकमा नाहीत. एकीत जे कमी दिले, ते दुसरीत द्यावे लागते.

रोमच्या केटोने न दिसणाऱ्याचा भार जाणणाऱ्या विक्रेत्यावर टाकला, एफेससने अंदाज करणाऱ्यावर आणि थोडा समाजावर, कौटिल्याने तो शेजाऱ्यांच्या साक्षीने हलका केला, मुंबईने उपकराच्या रूपाने वाटून घेतला. आजच्या लिलावाने तो पुरा घेणाऱ्यावर टाकला आहे. हे बदलायला हवे असे मला वाटते. लिलावाला काढलेल्या जुन्या घराबरोबर, विकणाऱ्या संस्थेने स्वतंत्र अभियंत्याकडून करून घेतलेला स्थितीचा अहवाल जोडणे आणि बोलीपूर्वी सर्वांना आतून तपासणीचा एक दिवस देणे, एवढे केले तरी खूप होईल. तसे होईपर्यंत बोलीदाराने चाळीस कुटुंबे स्वतः शोधावीत. बोळात उभे राहून शेजाऱ्यांना विचारावे, की त्या घरात पाणी कुठून येते. अंदाजपत्रकात सर्वांत आधी लिहायची ओळ बहुधा त्या उत्तरातच मिळते.